मळ्यातलं डोहाळजेवण

आमच्या घरात आनंदाचं जे काही झालं, ते बेसमेंटमध्ये झालं. वरचा मजला बाबांचा. तिथे बूट ओळीत, वर्तमानपत्रं घडी घालून आणि टीव्हीचा आवाज बेताचा. जिना उतरलं की आईचं राज्य सुरू व्हायचं. अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या त्या घराचं बेसमेंट लांबलचक होतं, पण छत इतकं बुटकं की नंदूकाका हात उंचावून आरती म्हणायला लागला की त्याची बोटं दिव्याला लागायची. खाली शेवाळी रंगाचं केसाळ कार्पेट, आणि कोपऱ्यात घर गरम ठेवणारी भट्टी, जी नेमकी कुणी गाणं म्हणायला बसलं की घुर्रकन सुरू व्हायची. गणपती तिथेच बसायचे, संक्रांतीचं हळदीकुंकू तिथेच व्हायचं, आणि कोजागरीला बाहेर कडाक्याची थंडी म्हणून चंद्राला मागच्या अंगणात एकटं सोडून आम्ही सगळे खाली मसाला दूध प्यायचो. आता माझ्या लेकीच्या घराला बेसमेंटच नाही. "वुई डोन्ट नीड वन," असं ती म्हणते. नसेल गरज, पण मला ते घर अर्धंच बांधून सोडल्यासारखं वाटतं.

नंदूकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. दोघंही मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर, दोघंही नागपूरचे, आणि साम्य तिथेच संपत होतं. बाबा गाडीचं बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकत तासभर गप्प उभे राहू शकत. नंदूकाकाला तेवढ्या वेळात तीन गोष्टी सांगून व्हायच्या आणि त्यातली एखादीच खरी असायची. तो सुटीत नागपूरला गेला, स्कूटरवरून पडला, पाय मोडून घेतला आणि ज्या नर्सने त्याचा पाय सांभाळला तिच्याशी लग्न ठरवून बसला. तिचं नाव फुलमनी. घर आसामात, चहाच्या मळ्यात. पणजोबांच्या वेळेपासून तिच्या घरचे सगळे त्या मळ्यात मजुरी करत आलेले. ती मिशनच्या शाळेत शिकली, नर्स झाली, नागपुरात नोकरीला आली आणि तिथे झकास वऱ्हाडी वळणाचं मराठी बोलायला लागली. आता आमच्या आजोबांना हे सांगायचं कसं, या धास्तीने नंदूकाकाने एका वाक्यात प्रश्न सोडवला. तो म्हणाला, मुलीच्या घरचे चहाचे मळे आहेत. नागपूरच्या माणसाला बागाईतदार म्हटलं की विरघळायला होतं, त्यात एकरभर संत्र्यांचीसुद्धा गरज नसते. परजातीची आहे, पण मळेवाल्यांची आहे, असं म्हणत सगळे नरमले. लग्न रजिस्टर पद्धतीने झालं, आसामहून कुणाला येता आलं नाही, आणि खोटं सुखरूप विमानात बसून अमेरिकेला आलं.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण वाचणाऱ्याला अंधारात ठेवून मग दिवा लावण्यात मला मौज वाटत नाही, म्हणून आत्ताच सांगून टाकलं. खुद्द काकूलाही ते ठाऊक नव्हतं. ती आमच्याकडे राहायला आली त्याच आठवड्यात आईने मराठी मंडळाच्या बायकांना बोलावून "ही आमची जाऊ, आसामात यांचे चहाचे मळे आहेत" अशी ओळख करून दिली, तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नंदूकाका चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता. भरल्या घरात, नव्या देशात, जाऊबाईंचा चेहरा अभिमानाने फुललेला असताना नवी नवरी काय बोलणार? ती गप्प राहिली आणि एकदा गप्प राहिल्यावर तोंड उघडायला मुहूर्त सापडेना.

त्या खोट्याने आमच्याकडे मजा मात्र पुष्कळ आणली. काकू सकाळी स्वतःपुरता कोरा चहा करायची आणि त्यात मीठ घालायची. आईने एकदा घोट घेऊन पाहिला, डोळे मिटले, आणि मोठ्या घरच्या रीती वेगळ्याच असतात असं ठरवून टाकलं. पुढच्या हळदीकुंकवाला तिने सगळ्यांना चांगल्या कपांतून मिठाचा कोरा चहा दिला, मळेवाले असाच पितात म्हणून. कुणाचीही तोंड वाकडं करायची छाती झाली नाही. पुण्याच्या कुमुदमावशी, ज्यांना आमच्या आईच्या हातचं काहीच कधी पसंत पडत नसे, त्यासुद्धा म्हणाल्या की साखरेने चहाची खरी चव मरतेच. पुढे काही महिने नोव्हायच्या मराठी घरांतून तो चहा फिरत होता. जिला तो सगळ्यांत आधी थांबवता आला असता, ती काकू ओठ दाबून कप विसळत उभी असायची. तिचे खांदे हलत असायचे. मी तिला विचारलं, रडतेस का? तर हसत होती.

मला ती फार आवडायची, हे सरळ सांगून टाकलेलं बरं. मी तेव्हा शाळेत अशा वयात होते की आई बोलली तरी राग यायचा आणि नाही बोलली तरी यायचा. काकू हॉस्पिटलमधून ड्यूटी करून यायची, गणवेश बदलायची आणि मोहरीच्या तेलात काहीतरी फोडणीला टाकायची. तेल धुरावलं की स्मोक अलार्म कोकलायचा. मग बाबा गप्पपणे उठून खुर्चीवर चढायचे आणि वर्तमानपत्राने अलार्मला वारा घालायचे. काकू खालून "भाऊजी, झालंच" म्हणायची आणि तिचं झालेलं नसायचं. त्या तेलातला बटाट्याचा चोखा, हिरवी मिरची आणि कच्चा कांदा यांच्यासमोर आईच्या वरणभाताला मी दगा दिला होता. स्वयंपाक करताना तिचे पाय एका जागी राहत नसत. दोन पावलं पुढे, एक मागे, कमरेत हलकासा झोल, आणि नाकातून गुणगुणणं. हे काय म्हणून विचारलं तर म्हणायची, झुमूर, आमच्याकडे सगळे हातात हात अडकवून नाचतात. मी स्वयंपाकघरातल्या लिनोलियमवर तिच्या दंडात दंड अडकवून नाचायला शिकले. शाळेतल्या कुठल्याच नाचात मला कधी कुणी दंड दिला नव्हता.

मग काकूला दिवस गेले. त्या काळी इथे घरात बाळंतपण आलं की भारतातून मुलीची आई यायची. डिंकाचे लाडू, शेपा, मुलीच्या लहानपणीची दुपटी असं सगळं बॅगेतून यायचं. तशा काकूच्या आईही आल्या. त्यांना आम्ही माई म्हणू लागलो. ठेंगण्या, काटक, पाठ ताठ, आणि कपाळावर केसांच्या किंचित खाली एक आडवी, खोलगट रेघ. आईने विमानतळावरच ती पाहिली आणि घरी येईपर्यंत बाबांना दोनदा सांगितलं की ही राजरेषा आहे, अशी रेषा जमीनदाराच्याच कपाळी असते. मळेवाल्या बाईंबरोबर एकच पत्र्याची ट्रंक कशी, असा प्रश्न मंडळात निघाला तेव्हा कुमुदमावशींनी निकाल दिला की जुनी श्रीमंती अशीच असते, दाखवत नाही. माई कुणाशीच फारसं बोलत नसत. त्यांची भाषा मळ्यातली, आमच्याशी मोडक्या हिंदीत. पण घरातला प्रत्येक जण जेवला की नाही हे त्या डोळ्यांनी मोजत.

एका ओल्या दुपारी शाळेच्या बसमधून उतरले तर माई मला घ्यायला कोपऱ्यापर्यंत आल्या होत्या, बाबांची मोठी काळी छत्री घेऊन. आम्ही दोघी फुटपाथवरून येत होतो आणि समोरून शेजारचे वॉल्टर आजोबा त्यांचा कुत्रा फिरवत आले, तेही छत्रीखाली. ते जन्मभर कारखान्यात गाड्यांना दारं बसवून निवृत्त झालेले, उंच, गुलाबी, अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांना पाहताच माईंनी छत्री मिटली, मला ओढून फुटपाथच्या कडेला गवतात उभं केलं आणि मान खाली घातली. धो धो पाऊस. वॉल्टर आजोबा थबकले. ही भारतातली काहीतरी नमस्काराची पद्धत असणार असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनीही आपली छत्री मिटली, मान लववली आणि उभे राहिले. ते जाईपर्यंत माई हलेनात, आणि माई हलेपर्यंत ते जाईनात. कुत्रा एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. शेवटी कुत्र्यालाच कंटाळा आला आणि त्याने आजोबांना ओढून नेलं. आम्ही नखशिखांत भिजून घरी आलो. मी हसून हसून बेजार झाले होते, पण स्वयंपाकघरात काकूने ऐकलं तेव्हा ती हसली नाही. तिने टॉवेल आणला, माईंचं डोकं पुसलं आणि मला खुर्चीवर बसवून मळ्याची गोष्ट सांगितली.

ती म्हणाली, माई लहान होती तेव्हा मळे गोऱ्या साहेबांचे होते. साहेब घोड्यावरून निघाला की वाटेवरच्या मजुराने छत्री मिटायची, मग आभाळ कोसळत असो की ऊन आग ओकत असो. छत्री उघडी राहिली तर पाठीवर छडी. माईच्या आजी-आजोबांना छोटा नागपूरच्या, म्हणजे आपलं नागपूर नव्हे, तिकडे पूर्वेकडच्या डोंगरातून एका दलालाने नेलं, तिकडे झाड हलवलं की पैसे पडतात असं सांगून. गेल्यावर कळलं की कागदावर अंगठा लावून घेतला ते गिरमिट होतं, म्हणजे करार, आणि करार संपेपर्यंत मळा सोडायचा नाही. पळून गेलेल्याला चौकीदार धरून आणत आणि सगळ्यांसमोर मारत. राहायला मजुरांच्या वस्तीतल्या लांबच लांब चाळी, त्यांना नाव 'लाईन'. तापाने माणसं पटापट जायची, त्यांच्या जागी नवी आणली जायची. टोपलीचा पट्टा कपाळावर, दिवसभर, पोटात मूल असलं तरी. मी माईंच्या कपाळाकडे पाहिलं. मिठाचा चहासुद्धा तिथलाच. चांगली पानं पेट्यांतून विलायतेला जात. खाली उरलेल्या भुकटीचा काढा बादलीतून मळ्यात येई, घाम गाळणाऱ्यांसाठी त्यात मीठ. साखर कुणी पाहिलीच नव्हती. साहेब गेले, तरी छडी आणि छत्री पुष्कळ दिवस मागे राहिली होती. आणि मग काकू म्हणाली की आमचे मळे कधीच नव्हते, आणि हे घरात माईखेरीज फक्त मला आणि तुझ्या काकाला माहीत आहे.

आमचं बोलणं मराठीत, पण विषय माईंना कळला होता. मलाही कळावं म्हणून त्या लेकीला हिंदीतच म्हणाल्या, "जिस घर में लोग नहीं जानता तू किसका बेटी, वो घर तेरा कैसे हुआ?" काकूने त्यांच्यापुढे हात जोडले. बाळ होऊ दे, म्हणाली, मग मी स्वतः सांगेन. आत्ता सांगितलं आणि ताईंच्या मनातून उतरले तर या अवस्थेत मी कुठे जाऊ? माई म्हणाल्या, माझ्याबरोबर चल, लाईनीत अजून आपली खोली आहे. त्या रागाने नाही म्हणाल्या, अगदी साधेपणाने म्हणाल्या, आणि त्यामुळेच मला धडकी भरली. त्या आल्या होत्या ते नुसत्या बाळंतपणाला नाही, लेक खरोखर कुठल्या घरात पडली आहे ते पाहायला. मला वाटलं, काकू गेली तर मी कुणाच्या दंडात दंड अडकवू? मी कुणालाही सांगणार नाही असं कबूल केलं आणि कधी नव्हे ते शब्द पाळला.

आणि नेमकं त्याच आठवड्यात आईने डोहाळजेवणाची थीम ठरवली. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं ते कुणी झोपाळ्यावर करतं, कुणी चांदण्यात, कुणी होडीत. कुमुदमावशींच्या सुनेचं होडीतलं झालं होतं आणि ती होडी आईच्या मनात रुतून बसली होती. ती म्हणाली, आपलं मळ्यातलं करायचं. चहाच्या मळ्यातलं. मध्ये बंगला, बंगल्याच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर फुलमनी मालकीण होऊन बसेल, आणि भोवती मंडळाच्या छोट्या मुली पानं खुडतील. काकू म्हणाली, ताई, साधंच करू ना. आई म्हणाली, "साधं करायला काय मी गरीब घरची जाऊ केली?" नंदूकाकाला त्याच क्षणी गॅरेजमध्ये काहीतरी काम आठवलं.

सगळं ठाऊक असूनही मला त्या तयारीचा आनंद आवरत नव्हता. बाबांनी प्लायवूडचा दोन पायऱ्यांचा व्हरांडा ठोकला आणि तो लेव्हलमध्ये आहे की नाही हे पाण्याच्या नळीने तपासलं. टोमॅटोच्या रोपांना आधार द्यायच्या तारेच्या जाळ्या उलट्या ठेवून त्यांना हिरवा क्रेप कागद गुंडाळला, की झाली चहाची झुडपं. टोपल्यांचा प्रश्न ईस्टरनंतरच्या सेलने सोडवला. गुलाबी आणि जांभळ्या टोपल्या मिळाल्या, काहींना ससे चिकटवलेले होते. फुलांच्या दागिन्यांसाठी मोगरा कुठला मिळणार? आई सुपरमार्केटमधून पांढरी कार्नेशन्स घेऊन आली आणि रात्री जेवणानंतर आम्ही दोघी तारेत ओवत बसलो. साहेबी टोपीही तिनेच पुठ्ठ्याची केली, वर पांढरा कागद आणि भोवती फुलांची माळ. स्वयंपाक अस्सल नागपुरी होता, गोळाभात आणि सांबारवडी. सांबारवडीत सांबार नसून कोथिंबीर असते हे आईने पुण्यामुंबईच्या बायकांना दरवर्षीप्रमाणे त्याही वर्षी समजावून सांगितलं.

त्या दुपारी बेसमेंटमध्ये पैठण्यांची नुसती सळसळ होती. पुरुषांना वरच्या मजल्यावर ठेवलं होतं, पण जिन्याच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर नंदूकाकाचे मोजे दिसत होते. काकू हिरव्या साडीत, फुलांच्या बाजूबंदात, डोक्यावर ती टोपी घालून खुर्चीत बसली होती आणि इतकी सुंदर दिसत होती की मला रडू येत होतं. डोहाळगीत झालं. भट्टीने बरोबर दुसऱ्या कडव्याला साथ दिली. मग आईने माईंना हाक मारली, कारण पहिली ओटी मुलीच्या आईने भरायची. माई वर वड्या तळत होत्या. त्यांनी खालची सजावट पाहिलेलीच नव्हती. तांदूळ, नारळ, खण, कुंकवाचा करंडा असं तबक हातात घेऊन त्या जिना उतरल्या आणि व्हरांड्याच्या पहिल्या पायरीशी येऊन थांबल्या. त्यांनी झुडपं पाहिली, टोपल्या पाहिल्या, टोपी घातलेली लेक पाहिली. पदर डोक्यावर ओढला आणि मान खाली घातली.

आई म्हणाली, या ना वर. माई हलल्या नाहीत. कुमुदमावशी म्हणाल्या, अहो, संकोच कसला, तुमचाच तर बंगला. माई हळूच म्हणाल्या, "हम लोग इस पर नहीं चढ़ता."

बायका हसल्या, त्यांना तो विनय वाटला. पण काकूने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "ताई," ती म्हणाली, "हा बंगला आमचा नव्हता. माझी माय मळ्यात पानं तोडायची. तिची माय, तिची आजी, सगळ्या. आम्ही लाईनीतले मजूर. मी आजपर्यंत बोलली नाही, कारण मला या घरात राहायचं होतं. आता तुम्ही ठरवा."

जिन्यावरचे मोजे वर सरकले. मी आईकडे पाहत होते. आईला दोन गोष्टी सहन होत नसत, कुणी फसवलेलं आणि कुणी कार्यक्रम बिघडवलेला. इथे दोन्ही एकदम झालं होतं, तेही कुमुदमावशींसमोर. तिचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला. मी मनात म्हटलं, संपलं. पण आई काकूकडे नाही, माईंकडे वळली. तिने विचारलं, आयुष्यात कधीच चढला नाहीत का हो त्या व्हरांड्यावर? माई म्हणाल्या, चढले, पण झाडू घेऊन. आईने एक लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "फुलमनी, ऊठ त्या खुर्चीतून."

काकू उठली. तो क्षण मला आजही आठवतो. पोट सावरत, एका हाताने खुर्चीचा दांडा धरून ती उठली आणि कुठे जावं हे न कळून तशीच उभी राहिली. आईने माईंच्या हातातलं तबक माझ्याकडे दिलं, त्यांचा दंड धरला आणि त्यांना दोन्ही पायऱ्या चढवून खुर्चीत बसवलं. "इतकी मरमर करून बंगला उभा केला मी," ती म्हणाली. "बरोबर माणूस नको का बसायला त्याच्यात? अन् नंदू, तू खाली ये नंतर, तुझ्याशी बोलते."

माई काही वेळ खुर्चीच्या काठावर बसून राहिल्या. मग पाठ मागे टेकवली. खुर्चीच्या वेताच्या हातांवर दोन्ही हात ठेवून पाहिले. लेकीच्या हातातून ती टोपी घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली. आणि एकाएकी आमच्या गप्प माईंच्या तोंडातून असा खर्जातला आवाज निघाला की माझ्या हातातलं तबक हललं. "ऐ! खड़ा क्या है? काम चालू करो!" गुडघ्यावर गुडघा, एक भुवई वर, मान तिरकी. आम्ही कुणीही मळ्याचा गोरा साहेब कधी पाहिला नव्हता, पण तो तिथे येऊन बसला होता हे प्रत्येकीला कळलं. लाईनीत संध्याकाळी असंच करायचो, हे काकूने मला मग सांगितलं. दिवसभर साहेबाचा मार खायचा आणि रात्री शेकोटीपाशी साहेबाची नक्कल करून हसायचं, त्यावरच माणसं तगली.

सगळ्यांत आधी कोण उठलं असेल? कुमुदमावशी. सशाची टोपली एका पोरीच्या हातातून घेऊन, पैठणीचा पदर खोचून, त्या झुडपांत शिरल्या आणि क्रेप कागद तोडायला लागल्या. मग सगळ्याच उठल्या. ओळ लागली. एकेकीने टोपली साहेबापुढे धरायची, साहेबाने नाक मुरडायचं. "इतना मोटा पत्ता? आधा तौल काटो!" म्हणजे वजन निम्मंच धरा. डॉक्टर असलेल्या एका काकूंना वाकून दाखवायला लावलं. आई मुकादम झाली आणि ओरडायला तिला काही वेगळं शिकावं लागलं नाही. छोट्या मुली विचारत होत्या, "इज शी द बॉस?" मी म्हटलं, हो. काकू पायरीवर बसून इतकी हसत होती की मला तिच्या पोटाची काळजी वाटायला लागली. पुढे कितीतरी वर्षं मंडळाचे किती कार्यक्रम झाले, भाड्याच्या सभागृहात, माईक लावून. पण बायका इतक्या मोकळ्या हसलेल्या मी पुन्हा ऐकल्या नाहीत.

ओळ संपली तशी माई उठून उभ्या राहिल्या. सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि त्याच खर्जात पण सावकाश म्हणाल्या, "गिरमिट खतम. सब अपना-अपना मुलुक जाओ."

हसू एकदम थांबलं. मुलुक म्हणजे आपलं गाव, आपला देश. हे वाक्य ऐकायला माईंची आजी जन्मभर थांबली होती आणि ते कुणीही कधी म्हटलं नाही. बेसमेंटमधल्या बायकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण त्या सगळ्याच कुठून ना कुठून आलेल्या होत्या, कुणाची आई तिकडे आजारी होती, कुणाचं ग्रीन कार्ड अडकलं होतं. टोपल्या हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. कुमुदमावशींनी चष्मा काढून पुसला.

आई पुढे झाली. कमरेत वाकून तिने चक्क सलाम केला. "साहेब," ती म्हणाली, "बाकीच्या जातील. ही नाही जायची. ही आमच्या घरची आहे." आणि पायरीवर बसलेल्या काकूच्या खांद्यावर तिने हात ठेवला.

माईंनी टोपी काढली. आता खुर्चीपुढे साहेब नव्हता, एक आई होती, आणि ती आमच्या आईकडे फार निरखून पाहत होती. आजवर त्यांच्या माणसांना पुष्कळांनी पुष्कळ सांगितलं होतं. "ऐसा नहीं," त्या म्हणाल्या. "अंगूठा लगाओ."

आईने माझ्या हातातल्या तबकातल्या कुंकवात अंगठा बुडवला आणि काकूच्या कपाळावर दोन्ही भुवयांच्या मध्ये इतका जोरात दाबला, की काकू हसत, रडत म्हणाली, "ताई, दुखून राहिलं ना."